पंचविसावे पत्र

ती तक्रार आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. २०१६ सालचा डिसेंबर होता. फावड्याने बर्फ उपसून गाडी बाहेर काढण्यात अर्धा तास गेला होता आणि मी चिडूनच ठाण्यात पोचलो होतो. टेबलावर काउंटरवरच्या शिपायाची चिठ्ठी पडलेली होती.

टोरोंटोच्या पूर्वेला, सरोवराच्या काठच्या एका शहरात मी सत्तावीस वर्षे पोलीस खात्यात काढली. त्यातली शेवटची नऊ फसवणूक विभागात गेली. निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या गोष्टी सांगायचा आग्रह करतात. त्यांना सांगून पटत नाही, पण खुनी माणसे बहुधा फार कंटाळवाणी असतात. मला आठवते ती ही केस, जिच्यात कुणाला बेडीसुद्धा पडली नाही.

चिठ्ठीत लिहिले होते की एका निनावी इसमाने फोन करून सांगितले, शहराच्या कला मंडळाकडे आलेल्या एका अर्जाला खोटे पत्र जोडलेले आहे आणि पत्रावर सही करणारा गृहस्थ ऑक्टोबरातच 'एक्स्पायर' झाला आहे. शिपायाने त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या, कारण इथे लायसन्स एक्स्पायर होते, माणूस होत नाही. माझ्या मात्र लगेच लक्षात आले की फोन करणारा आपल्याकडचाच कुणीतरी आहे. अर्ज कुणाचा हे पाहिले आणि खात्री पटली. अर्ज गावातल्या मराठी नाटकमंडळींचा होता.

कला मंडळ म्हणजे काय ते आधी सांगतो. नगरपरिषदेने नेमलेले नऊ नागरिक, सगळे बिनपगारी. शहरातल्या कलांसाठीचे अनुदान कुणाला द्यायचे, कोणती जागा कुणाला द्यायची, पुढच्या दहा वर्षांत शहराचे सांस्कृतिक नियोजन कसे करायचे, हे ते ठरवतात. अर्जदाराशी कुणा सदस्याची ओळख असेल तर तो मुकाट्याने उठून बाहेर जातो, आणि तो किती वाजून किती मिनिटांनी गेला हे कारकून इतिवृत्तात लिहितो. इतकी शिस्त मी खात्यातही फार ठिकाणी पाहिलेली नाही.

त्या वर्षी जुने फायर स्टेशन कलाकेंद्र म्हणून उघडणार होते आणि तालमीसाठी एक मोठी खोली कुठल्यातरी संस्थेला कायमची मिळणार होती. आमची नाटकमंडळी वीस वर्षे लोकांच्या बेसमेंटमध्ये तालमी करत होती. छत इतके ठेंगणे की ऐतिहासिक नाटकात तलवार उपसायची तर आडवी उपसावी लागे. अर्जाला शहरातल्या पंचवीस रहिवाशांची स्वतःच्या सहीची पत्रे जोडायची होती. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती की खोटे पत्र आढळल्यास अर्ज बाद होईल आणि संस्थेवर पाच वर्षांपर्यंत बंदी येऊ शकेल. मंडळींतले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे होते. पाच वर्षांनी त्यांच्यातले किती उरले असते?

मी आधी माझ्या सार्जंटबाईंकडे गेलो आणि सांगितले, ही माणसे माझ्या भाषेची आहेत, मी यांची तीन नाटके पाहिली आहेत आणि मध्यंतरात यांचे वडेही खाल्ले आहेत.

"वडे चांगले होते?" त्यांनी विचारले.

"गार होते."

"मग केस तूच घे. चौकशीला मात्र कायम कुणीतरी बरोबर ने. आणि प्रत्येक शब्द वहीत टिपून ठेव."

दोन दिवसांत कला मंडळाच्या समन्वयकाकडून मूळ फाइल ताब्यात घेतली. पंचवीसच्या पंचवीस पत्रे तपासली. चोवीस ठीक होती. पंचविसावे मंडळींच्या दिग्दर्शकांच्या नावाने होते. नोव्हेंबरची तारीख, खाली कापऱ्या हाताची सही. दिग्दर्शक ऑक्टोबरात वारले होते हे मी मृत्यूनोंदींच्या दफ्तरातून पडताळून घेतले. फोन करणारा खरे बोलत होता. तो कोण, याचा मला अंदाज होता. नाटकात हवी ती भूमिका मिळाली नाही की माणूस काय करील याचा नेम नसतो. पण खबऱ्याचा हेतू कसाही असो, खबर खरी असेल तर तपास करावाच लागतो.

अर्जावर सही होती ती संस्थेच्या सेक्रेटरींची. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणे. वय शहात्तर, निवृत्त इंजिनिअर, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले. पक्के नास्तिक. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवला तर नम्रपणे शेजाऱ्याच्या हातावर ठेवणारे. त्यांना बोलावले तेव्हा ते सूट घालून, टाय लावून आले.

चौकशीच्या खोलीत कॅमेरा चालू होता. माझी सहकारी शेजारी बसली होती. मी काकांना त्यांचे हक्क आधी इंग्रजीत वाचून दाखवले, मग मराठीत समजावले. गप्प राहता येईल, वकील बोलावता येईल, बोललात तर ते पुरावा म्हणून वापरता येईल.

"ही सगळी फॉर्मॅलिटी ना?" काका म्हणाले.

"नाही काका. हे खरं आहे."

त्यांनी टाय सैल केला. "मग लिहून घ्या. ती सही मी केली. चोवीस लेटर्स झाली होती, एक कमी पडत होतं. डेडलाइन होती. मी केली. लॉयर नको, काही नको."

सत्तावीस वर्षांत मला एवढ्या झटपट मिळालेला प्रत्येक कबुलीजबाब एक तर खोटा निघाला आहे किंवा अर्धा. चोराला कबूल करायला वेळ लागतो. पटकन कबूल करणारा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. मी सही कशी केली, कुठे बसून केली, कोणत्या पेनाने केली, असे एकेक विचारत गेलो. काका इंजिनिअर माणूस, उत्तरे चोख देत होते. मी दोनदा पाणी मागवले, तरी तीच उत्तरे.

मग मी मूळ पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यांच्यासमोर ठेवले. वरच्या कोपऱ्यात एक पुसट पिवळा डाग होता, त्यात लालसर ठिपका. माझ्या सहकारिणीने त्याची नोंद 'मोहरीची चटणी' अशी केली होती, कारण ती हॉट डॉगवर वाढलेली. मला तो डाग पहिल्याच दिवशी ओळखू आला होता. बाकीच्या चोवीस पत्रांवर तसे काही नव्हते.

"काका, हे पत्र देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू तुम्ही लावलंत?"

"मी?" काका ताठ झाले. "आयुष्यात कधी असल्या भानगडीत पडलो नाही. माझ्या मुलाच्या लग्नात भटजी आला नव्हता, विचारा कुणालाही."

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळले. ते खुर्चीत मागे टेकले. खोट्या सहीचा गुन्हा अंगावर घ्यायला निघालेल्या माणसाला देवापुढे कागद ठेवल्याचा आळ सोसवला नाही. मला हसू येत होते आणि वाईटही वाटत होते.

"वहिनींना यात ओढू नका," ते हळूच म्हणाले.

झाले होते ते असे. पत्रांचे नमुने मेलिंग लिस्टप्रमाणे घरोघर गेले होते. यादीतून दिग्दर्शकांचे नाव खोडायला कुणाचा हात धजला नव्हता. त्यांच्या घरून पत्र सही होऊन परत आले तेव्हा ते त्यांच्या पत्नीने पाठवले हे काकांना ताबडतोब कळले. ते परत न्यायला त्यांचा पाय उचलला नाही, आणि चोविसावर गाडी अडली होती हेही खरे. त्यांनी ते गठ्ठ्यात घातले. म्हणजे सही त्यांनी केली नव्हती, पण खोटा कागद जाणूनबुजून पुढे केला होता. कायद्याच्या भाषेत तोही गुन्हाच.

दिग्दर्शकांच्या पत्नीकडे आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. त्यांची मुलगी टोरोंटोच्या पश्चिम टोकाच्या एटोबिकोहून येऊन बसली होती आणि आमच्याकडे रागाने बघत होती. बाई शांत होत्या. हक्क वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "आधी चहा टाकते. तुमचा कायदा चहाला नाही म्हणत नाही ना?"

चहा झाल्यावर मी पत्र दाखवले.

"हो, माझीच सही आहे ही. म्हणजे त्यांची, पण मी केलेली. सहा वर्षं त्यांचा हात कापत होता. बँकेत, टॅक्सला, सिटीच्या कागदांवर सगळीकडे मीच करायचे. कापरी सही करायलासुद्धा शिकले, नाहीतर बँकेतली पोरगी शंका घ्यायची. पण दर वेळी त्यांना विचारून करायचे."

"आणि ही?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. "हीसुद्धा विचारूनच केली."

मुलगी म्हणाली, "आई, डोन्ट से एनीथिंग."

"का नको? खोलीसाठी ते वीस वर्षं झगडले. पत्र आलं ते त्यांच्या नावाने. तसंच ठेवून दिलं असतं तर त्यांनीच नाही म्हटल्यासारखं झालं असतं."

नियमाप्रमाणे मी हस्ताक्षराचे नमुने मागितले. त्यांनी नवऱ्याची सही दहा वेळा केली, एकदाही न अडखळता. मग मी म्हणालो, आता तुमची स्वतःची. पेन कागदावर टेकले आणि तिथेच थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "थांबा हं," त्या म्हणाल्या, "आठवते." माझ्या सहकारिणीने मान खाली घातली.

सरकारी वकिलांनी सगळे वाचून सांगितले की बाईंचा कुणाला फसवण्याचा हेतू दिसत नाही, खटला उभा राहणार नाही. काकांना ताकीद द्यायची की आणखी काही, ते माझ्यावर सोपवले. त्याच संध्याकाळी काका ठाण्यात आले.

"एक फेव्हर करा. ते लेटर काढून टाका. आज रात्रीपर्यंत मी दुसरं आणून देतो, खरं. कुणाला कळायची गरज नाही. बंदी आली तर आमची नाटकमंडळी संपली म्हणून समजा."

"नाही काका."

"तुम्ही आपला माणूस असून."

"म्हणूनच नाही. उद्या दुसऱ्या कुणाच्या अर्जात असं निघालं तर मी सोडणार नाही. तुम्ही कला मंडळाच्या खुल्या बैठकीत उभे राहा आणि जे झालं ते सांगा. तेवढं केलंत तर मी ताकीद देऊन फाइल बंद करतो."

ते निघून गेले. मला रात्री जेवण गेले नाही, पण निर्णय बदलावा असे एकदाही वाटले नाही.

बैठक जानेवारीत नगरभवनात झाली. मंडळींचा अर्ज निघताच दोन सदस्य उठून बाहेर गेले, कारकुनाने वेळ टिपली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. काका उभे राहिले, तेवढ्यात दिग्दर्शकांच्या पत्नीने त्यांच्या बाहीला धरून खाली बसवले आणि स्वतः माइकपाशी गेल्या. त्या मराठीत बोलल्या, मुलगी इंग्रजीत सांगत गेली.

"माझे यजमान गेले. ऑक्टोबरात गेले. त्यांच्या नावाची सही मी केली, ती काढून टाका. या लोकांना शिक्षा करू नका."

अध्यक्षा एक वृद्ध शिल्पकार होत्या. त्यांनी आभार मानले, पत्रांचा गठ्ठा पुढे ओढला आणि सावकाश चाळू लागल्या. मग चष्म्यावरून बघत विचारले, "ही सगळी पत्रे पुरुषांची आहेत. तुमच्या संस्थेत स्त्रिया नाहीत का?"

काका उठले. "आहेत की. निम्म्याहून जास्त. आमची लिस्ट घराप्रमाणे आहे, एका घराचं एक नाव. चोवीस घरांनंतर लिस्ट संपली."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिले. "आणि तुम्ही? तुमचे स्वतःचे पत्र का नाही दिले?"

मुलीने प्रश्न मराठीत सांगितला. बाईंनी थोडा विचार केला.

"मला कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

मुलीला ते इंग्रजीत सांगायला जरा वेळ लागला. काका उभेच होते, त्यांना बसायचे सुचले नाही. ज्या पत्रासाठी त्यांनी खोट्याचा आधार घेतला होता, ते खरे पत्र त्याच घरात होते, आणि तशी चोवीस घरांत चोवीस होती. आणि मी? मी ती फाइल महिनाभर हाताळत होतो. शाई तपासली, तारखा तपासल्या, डाग ओळखला. गठ्ठ्यात एकही बाई नाही हे मला दिसले नाही, कारण त्यात मला काही वावगे वाटलेच नव्हते.

मंडळाने बंदी घातली नाही, पण त्या वर्षीचा अर्ज बाद केला. कायमचा निर्णय पुढे ढकलून खोली वर्षभरासाठी एका गायनसंस्थेला दिली. काका माझ्याशी बोलायचे बंद झाले.

पुढच्या हिवाळ्यात मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. एका सकाळी बेल वाजली. बाहेर काका उभे, टोपीवर बर्फ, हातात फाइल. म्हणाले, "नवीन अर्ज करतोय. अर्जदार वहिनी आहेत, दिग्दर्शकांच्या. मी नुसता हमाल. आता तुम्ही सर्व्हिसमध्ये नाही, तेव्हा तुमच्या घरची लेटर्स चालतात. दोन आहेत."

मी दारातच माझ्या पत्रावर सही केली. बायको आत कणीक मळत होती. मी म्हणालो, "तिचं राहू द्या इथे. मी सही घेतो आणि संध्याकाळी आणून देतो."

काकांनी कागद माझ्या हातात दिला नाही.

"नाही," ते म्हणाले. "त्यांना बोलवा."

सत्तावीस वर्षे मी इतरांना असे ठामपणे 'नाही' सांगत आलो होतो. आता ते माझ्याच दारात मला ऐकावे लागले, आणि ते बरोबर होते. तपास मी केला होता, पण त्यातून जे शिकायचे ते काका माझ्याआधी शिकले होते. मी बायकोला हाक मारली. ती हात धुऊन आली, काकांकडून पत्र घेतले, पहिली ओळ वाचली आणि चष्मा शोधू लागली.

"मी हे नीट वाचणार आहे," ती म्हणाली. "तोवर तुम्ही दोघं बसा."