सहा जोड्या पाय

चौथ्या बाटलीतल्या प्राण्यांना पायांच्या सहाच जोड्या होत्या. मी मायक्रोस्कोपखाली पुन्हा पाहिलं. सहाच.

आयसोपॉड म्हणजे कुंडीखाली ओलाव्यात सापडणाऱ्या, हात लागताच गोळी होणाऱ्या किड्यांचे समुद्रातले भाऊबंद. मोठे झाले की तांदळाच्या दाण्याएवढे; चौथ्या बाटलीतले त्याहून बारीक. त्यांना पायांच्या सात जोड्या असतात. कोकणातल्या एका कॉलेजनं हे नमुने स्पिरिटच्या बाटल्यांत आमच्या नागपूरच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटकडे ओळखायला पाठवले होते. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर. समुद्र मी पाहिलेला नव्हता.

आमच्या हेडसरांचा विषय बेडूक. ते वाकून बघत म्हणाले, "नवी स्पीशीज दिसते, मिस चांदेकर. जिवंत नमुने लागतील. तुम्हीच जा किनाऱ्यावर."

मी लगेच हो म्हटलं.

त्या संध्याकाळी अंबाझरी तलावावर गेले आणि पलीकडचा काठ नजरेतून पुसून बघितला. जमलं नाही.

"बाई, समुद्र पाहाले चालल्या म्हणते," लॅब अटेंडंट गणपतराव म्हणाले. "पोरीसाठी शिंपले आणजा."

जाण्याआधी बाकीच्या बाटल्या संपवायच्या होत्या. पहिलीतली जात पुस्तकातलीच होती. तिच्यातल्या एका मादीचं पोट फुगलेलं होतं. आयसोपॉडची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. ती पिशवी मी सुईनं उघडली. आत पिल्लं होती. शेपटी, मिशा, सगळं चौथ्या बाटलीसारखं, आणि पायांच्या जोड्या सहा. सातवी पुढे फुटत असणार. आमच्या पुस्तकात फक्त मोठ्यांची चित्रं होती.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. पिशवी उघडायला मला कुणी सांगितलंही नव्हतं. मग डिश उचलून सरांकडे गेले.

"सर, ती पिल्लं आहेत. नवी जात नाही."

सरांनी बराच वेळ पाहिलं. "मग जायचं कारण उरत नाही."

"नाही, सर."

गणपतरावांना कळलं. "काहून सांगतलं, बाई? जाऊन आल्यावर सांगाचं होतं."

"तोवर चुकीचं नाव छापून झालं असतं."

"छापू द्या ना. किडे काय वाचून राहिले?"

मी हसले. मग लेबलं लिहायला घेतली.

धडा इतकाच: नवी जात म्हणण्याआधी मादीची पिशवी उघडून बघावी. कोकणातून बाटल्या अजून येतात. झाकण काढलं की मी आधी वास घेते. स्पिरिटचाच येतो.