इंजिनावरची एक जागा

कवळीवाल्यांच्या घरी गेलात, तर चहा मिळायच्या आधी इंजिन बघावं लागतं. त्याला इलाज नाही. पुढच्या खोलीत त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे त्यांच्याकडे पाठवतात आणि ते त्यावरून कवळ्या घडवतात. टेबलावर गुलाबी हिरड्या, दातांच्या डब्या, बारीक कानशी. मागच्या खोलीत मात्र दात औषधालासुद्धा सापडायचा नाही. तिथे सगळं पितळ आणि पोलाद, आणि मधोमध लाकडी घोडीवर त्यांचं लाडकं वाफेचं इंजिन. त्याला खेळणं म्हणालात तर संपलंच, परत त्या घराची पायरी चढू नका. लांबीला हातभर, पण कोळसा खरा खातं, वाफ खरी सोडतं, आणि परसातल्या रुळांवरून खुद्द कवळीवाल्यांना ओढत नेतं. एवढा आडदांड माणूस पाटाएवढ्या डब्यावर बसलेला, गुडघे कानाशी, हातात मिठाच्या चमच्याएवढं फावडं, आणि थाट असा की जणू राज्य चाललंय. शेजारचे कुंपणावरून हसतात. हसू देत, म्हणतात ते.

हे इंजिन त्यांनी एकहाती बनवलं आणि त्यात ऐन उमेदीची वर्षं घातली. बायको म्हणायची, "सवत परवडली असती. निदान भांडी तरी घासू लागली असती." ती पोस्टात खिडकीवर बसायची. झडप कुठली नि दट्ट्या कुठला, तिला काही पडलेलं नव्हतं. पण रविवारी नवऱ्याबरोबर ती जुन्या गाडीवर न चुकता यायची.

जुनी गाडी म्हणजे शहराबाहेरची एक बंद पडलेली रेल्वे. हौशी मंडळींनी ती झाडाझुडपांतून उकरून काढली, एक म्हातारं इंजिन दुरुस्त केलं, आणि आता रविवारी लोक पोराबाळांना घेऊन त्यात बसायला येतात. काम करणारे सगळे बिनपगारी. कवळीवाले अगदी पहिल्यापासूनचे. राख उपस, पितळ घास, वंगण घाल, सगळं बिनतक्रार केलं त्यांनी. का? तर एक दिवस भट्टीत कोळसा घालणारा फायरमन म्हणून त्या इंजिनावर उभं राहता यावं. बस्स. देवाकडे त्यांनी दुसरं काही मागितल्याचं ऐकिवात नाही. बायको आपली डब्याडब्यांतून तिकिटांना भोकं पाडत हिंडायची आणि प्रवाशांशी गप्पा मारायची.

मग जुन्या फायरमनचे गुडघे गेले आणि जागा रिकामी झाली. इंजिन चालवणारे ड्रायव्हरकाका, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणाले, "चला कवळीवाले. बघू तुमचा हात."

तिथला रस्ता असा, की गाडी आधी नदीच्या पुलाकडे उतरते आणि पुलापलीकडे चढते. परत येतानाही तेच. खरी परीक्षा चढावर. कवळीवाल्यांनी भट्टीचं दार उघडलं, इवलासा कोळसा घातला, दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा इवलासा घातला. हातभर इंजिनाला असंच भरवावं लागतं हो, घासाघासानं. एकदम घातलं की आग गुदमरते. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण. पण मोठ्या भट्टीत दर वेळी दार उघडलं की गार वारा आत घुसतो. वाफेच्या दाबाचा काटा उतरला, आणखी उतरला, आणि भर चढावर गाडी उभी राहिली.

"कवळीवाले," ड्रायव्हरकाका ओरडले, "भट्टी आहे ही, कवळी नव्हे! किती कोरताय?"

लोक खाली उतरून फोटो काढायला लागले. प्रवाशांना काय सांगायचं, हे विचारायला बायको इंजिनाजवळ आली. काका वैतागलेलेच होते. म्हणाले, "बाई, वर या. तुम्ही मारा चार फावडी. याहून वाईट तर काही होणार नाही."

ती चढली. काका सांगतील तसं केलं. फावडं काठोकाठ, भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात फेक, दार बंद, आणि मग गप्प उभं राहायचं. एवढंच. काटा वर आला. गाडी हलली आणि कुरकुर न करता चढ चढून गेली. डब्यांतून टाळ्या पडल्या.

कवळीवाले कोपऱ्यात उभे होते, राखेच्या बादलीशेजारी. ज्या बाईला बॉयलरचं पुढचं तोंड कुठलं ते विचारावं लागतं, तिनं यावं आणि दोन हातांत आपली सगळी वर्षं उचलून न्यावीत? ती हसत होती. नाकाला काजळी लागली होती, आणि वर ती शोभतही होती, हे तर अगदीच असह्य.

पुढचे काही रविवार काकांनी तिलाच बोलावलं. जिकडेतिकडे तिचंच कौतुक. "वहिनींचा हात म्हणजे काय!" कवळीवाले हसून मान डोलवायचे आणि घरी येऊन कानस इतक्या जोरात चालवायचे की एकदा एका गृहस्थाच्या पुढच्या दाताचा पार चुराच झाला.

एका संध्याकाळी ती इस्त्री करता करता म्हणाली, "अहो, काका म्हणतायत, जागा मीच घ्यावी. हो म्हणू का?"

तिला हवं होतं ते. आवाजातच कळत होतं.

"बघ बाई," कवळीवाले म्हणाले, "चार रविवार हौसेनं करणं निराळं. पाण्याकडे जरा दुर्लक्ष झालं, तर बॉयलर फुटतो. मागे डब्यांत लोकांची पोरं असतात. मला विचारशील, तर तुला नाही झेपायचं."

पाण्यावर काकांचीही नजर असते, आणि ही बाई पाणी दाखवणाऱ्या काचेकडे पापणी न हलवता बघत असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी बोलले.

तिचा हात थांबला. मग शर्टाची कॉलर सरळ करत ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. यातलं तुम्हाला कळतं, मला काय." आणि तिनं काकांना नाही म्हणून कळवलं. कवळीवाल्यांना त्या दिवशी झोप मात्र छान लागली. लाज वाटते सांगायला, पण लागली.

जागेसाठी दुसरं कोणी नव्हतं. काका नाइलाजानं म्हणाले, "या, आणखी एकदा बघू."

गाडी सुटायच्या आधी बायको जेवणाचा डबा द्यायला इंजिनापाशी आली आणि हळूच म्हणाली, "हे बघा, फावडं पूर्ण भरा. मागच्या डाव्या कोपऱ्याला आग लवकर खाली बसते, तिथे आधी. आणि दार लावलं की हात मागे बांधून उभे राहा. तुम्हाला राहवणार नाही, पण राहा." सगळं देऊन टाकलं तिनं. काही हातचं राखलं नाही.

कवळीवाल्यांनी तसंच केलं. चढावर काटा जागचा हलला नाही. धूर पांढरा, ठोका सलग. वरच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरकाकांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आज अगदी वहिनींची आग होती."

तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. एवढ्या वर्षांनी हाताला आलेलं, आणि तेही तिचं.

ती फलाटावरून धावत आली. "जमलं ना? म्हटलं नव्हतं मी?" चेहरा नुसता फुललेला. त्या चेहऱ्यात हेव्याचा कण शोधत होते ते. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुला झेपलं असतं," कवळीवाले म्हणाले. "मी खोटं बोललो. मला बघवत नव्हतं."

"काय बघवत नव्हतं?"

"तू. इथे उभी."

"म्हणजे पोरांच्या जिवाची भीती घालून मला घरी बसवलंत? अहो, मी स्वप्नात बॉयलर फुटताना बघत होते!"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं गळ्यातली तिकिटांची पिशवी काढली, भोक पाडायचा चिमटा तिच्यात टाकला, आणि पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली. "उतरा खाली," ती म्हणाली. "काका, परतीला मी आहे. आणि यापुढेही मीच." काकांनी दोघांकडे पाहिलं आणि, कधी नव्हे ते, तोंड बंद ठेवून तिला वर घ्यायला हात पुढे केला.

परतीच्या चढावर कवळीवाले मधल्या डब्यात होते. इंजिनाचा ठोका पुढून येत होता, दमदार, कुठे अडखळ नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या एका बाईनं वळून विचारलं, "अहो, इंजिनावर बाई आहे की काय?"

"माझी बायको आहे."

"अगंबाई! केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला!"

कवळीवाल्यांनी तिच्या तिकिटाला भोक पाडलं आणि ते तिच्या हातात दिलं.

"जळतो मी तिच्यावर," ते म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडे वळले.