बुटका ओटा

माझा जोडीदार सुतार आहे आणि त्याला सगळे खडूभाऊ म्हणतात. बाकीच्या सुतारांच्या कानावर पेन्सिल असते, याच्या खिशात खडू. शर्टाचा खिसा कायम पांढरा, आणि त्यावरून वहिनींची बोलणी खाणं हा त्याचा रोजचा नाश्ता. वीस वर्षं आम्ही एकच काम करतो: लहान घरांतली लहान स्वयंपाकघरं मोडायची आणि नव्याने उभी करायची. लाकूड त्याचं, ओटा आणि टाइल्स माझ्या. तो बोलत नाही आणि मी गप्प बसत नाही, म्हणून आमचं जमतं.

त्याची मापं घ्यायची तऱ्हा बघून पहिल्यांदा मला हसू फुटलं होतं. टेप शेवटी. आधी जी स्वयंपाक करते तिला मोकळ्या भिंतीसमोर उभं करायचं, दोन्ही हातांच्या बोटांना दोऱ्याने खडू बांधायचा आणि सांगायचं, "डोळे मिटा आणि चहा करा." बायका आधी लाजतात, मग हात आपोआप चालायला लागतात. हात जिथे थांबतो तिथे खूण उमटते. मीठ इथे, साखर इथे, चिमटा इथे. त्या खुणा तो एका लांब लाकडी पट्टीवर उतरवून घेतो आणि त्या पट्टीवरून फळ्या, खण, ट्रॉल्या बसवतो. सात बाय सहाच्या खोलीतही मग कुणाला वाकावं लागत नाही की स्टूल शोधावं लागत नाही.

हे तो कुठे शिकला, असं मी एकदा खोदून विचारलं. लग्नानंतर त्याने स्वतःच्या घरातलं स्वयंपाकघर केलं, टेप लावून, अगदी पुस्तकी. अकरा वर्षांनी त्याला कळलं की वहिनी वरच्या फळीवरचा डबा रोज टाचा उंचावून काढतात. "बोलली का नाहीस?" तर म्हणाल्या, "तुम्ही इतक्या हौसेने केलं होतं." त्या दिवसापासून याने टेपवर विश्वास ठेवणं सोडलं. माझा मात्र टेपवरच विश्वास होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गेल्या वर्षी आम्हाला घड्याळवाल्यांच्या मुलीने बोलावलं. घड्याळवाले म्हणजे सहा फुटी म्हातारा, जन्मभर भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली आणि आता डोळे जवळजवळ गेलेले. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, जेवणाचा डबा शेजारून यायचा. तिने आमच्यासमोरच बापाला सांगितलं, "बाबा, एकदा तुम्ही माझ्यासमोर चहा करून दाखवा, भात लावून दाखवा. जमलं तर राहा इथे. नाही जमलं तर माझ्याकडे यायचं आणि घर बंद. मला तिकडे झोप लागत नाही."

म्हातारा म्हणाला, "तुझ्याकडे मी पाहुणा आंधळा होईन गं. इथे मी घरचा आहे."

ते खरंच होतं. त्यांच्या प्रत्येक खोलीत एक घड्याळ होतं आणि प्रत्येकाची टिकटिक वेगळी. कानाने ऐकत ते घरभर सरळ चालायचे, दाराची चौकटसुद्धा लागायची नाही. फक्त स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं. तिथे त्यांनी चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, कारण बायकोला तिच्या ओट्यापाशी कुणी लुडबुडलेलं चालायचं नाही. ते बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघराकडे पाठ करून काम करायचे आणि आतून चहा यायचा.

भर दुपारी आम्ही माप घेतलं. मुलगी बाजारात गेली होती. खडूभाऊंनी म्हाताऱ्याच्या बोटांना खडू बांधला आणि म्हणाले, "घड्याळवाले, चहा करा."

"मला कुठे येतो?"

"हाताला येत असेल. करून तर बघा."

घड्याळवाले भिंतीसमोर उभे राहिले. मग त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, गुडघे जरा वाकले, आणि डावा हात उचलला गेला. उजव्या हाताने घड्याळातले केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, पण डावा हात. तो भिंतीवर थांबला, खूण झाली. मग दुसरी, तिसरी. एकदाही चाचपडणं नाही. मधूनमधून ते अर्धं पाऊल बाजूला सरकत होते, अरुंद जागेत कुणाला तरी वाट द्यावी तसे, आणि पुन्हा जागेवर येत होते. शेवटी डावा तळवा खिडकीशेजारी भिंतीवर सपाट टेकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. तिथे फळी नव्हती, खिळा नव्हता, काहीच नव्हतं.

"इथे काय ठेवायचं?" खडूभाऊंनी विचारलं.

"माहीत नाही. हात जातोय."

माझ्या अंगावर काटा आला. आणि मला काटा आला की राग येतो, हा माझा जुना रोग. बाहेर आल्यावर मी खडूभाऊंना धारेवर धरलं. "सहा फुटी माणूस आणि खुणा बघ कुठे, पाच फुटी माणसाला लागतील अशा! म्हातारा गोंधळलाय. या पट्टीवर काम केलंस तर तो कंबर मोडून घेईल आणि मुलगी त्याला उचलून नेईल. एवढी एकदा टेप लाव." दोन दिवस मी हेच टुमणं लावलं. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर ती पट्टी बाकावर ठेवली आणि रंधा मारून साफ केली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. मी जुना गिलावा खरवडून काढला, म्हणजे भिंतीवरच्या खुणाही गेल्या.

स्वयंपाकघर देखणं झालं, हे मी आजही म्हणेन. ओटा छत्तीस इंच, सहा फुटी माणसाला शोभेल असा. पांढऱ्या टाइल्स छतापर्यंत. भांड्यांची ट्रॉली, ताटांचा खण, कोपऱ्यात फिरती फळी, सगळं उजव्या हाताला. आठ दिवस आम्ही म्हाताऱ्याला एकेक जागा पाठ करून दिली. त्यांनी ती शहाण्या विद्यार्थ्यासारखी पाठ केली.

रविवारी मुलगी आली. घड्याळवाल्यांनी शेगडी पेटवली आणि त्यांचा डावा हात गेला तो थेट कोऱ्या टाइलवर. तिथे काही नव्हतं. हात खाली आला, तेलाची बाटली आडवी झाली. तेलकट हाताने ते टाइल्स चाचपत राहिले, पुन्हा त्याच त्याच जागी, आणि पुटपुटत राहिले, "इथेच तर असतं." साखरेचा डबा पडला. तो शोधायला वळले तेव्हा सदऱ्याची बाही ज्योतीवरून गेली आणि पेटली. मुलीने झडप घालून विझवली. मनगटाला चटका बसला होता. ती आत गेली आणि तिने कपाटावरची बॅग काढली.

म्हातारा ओटा धरून उभा होता. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला. खडूभाऊ दाराशी जाऊन म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. मी माझी पद्धत सोडली. आठ दिवस द्या." माझं नाव त्याने घेतलं नाही. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मुलगी थांबली, पण बॅग पलंगावर उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा खडू बांधला. घड्याळवाले उभे राहिले आणि हात हललाच नाही. "आता जात नाही," ते म्हणाले. "काल रिकामा परत आला ना." ते बाहेरच्या खोलीत जाऊन आपल्या टेबलाशी बसले. पट्टी कोरी, भिंत कोरी, आणि हातही गेलेला. खडूभाऊ ओट्यावर डोकं टेकून उभे होते.

मुलीने सगळ्यांसाठी चहाचं पाणी ठेवलं होतं. मोठं पातेलं, खिडकी बंद. पाणी उकळलं, वाफ भिंतीवर चढली आणि टाइल्स धुरकट झाल्या. फक्त काही जागी झाल्या नाहीत. तेल लागलं होतं तिथे वाफ धरली नाही आणि हात उमटले. एक, दोन, मग सात. सगळे डावे.

"कालचे आहेत, घड्याळवाल्यांचे," मी म्हणालो. मला तसं म्हणणं भाग होतं.

खडूभाऊंनी एका ठशाशेजारी आपला हात धरला. हात मोठा, ठसा लहान. घड्याळवाल्यांचा पंजा तर याच्याहून मोठा, ताटलीएवढा. तेवढ्यात मुलगी पुढे आली. खिडकीशेजारच्या सपाट तळव्याकडे बघत राहिली. त्या ठशाची करंगळी शेवटच्या पेरात बाहेर वळलेली होती.

"आईची करंगळी," ती म्हणाली. "तिच्या लहानपणी दारात चेंगरली होती. आई डावखुरी होती." मग अगदी हळू, "चहाला उकळी येईपर्यंत ती इथेच हात टेकून उभी राहायची."

त्या टाइल्स मी माझ्या हाताने लावल्या होत्या. लावून बारा दिवस झाले होते. ती बाई जाऊन आठ महिन्यांवर. मी पुष्कळ हिशेब जुळवले: वाफेने ठसा आकसला असेल, हात घसरला असेल, म्हाताऱ्याने चाळीस वर्षं बाहेर बसून कानांनी सगळं टिपलं असेल. कान भांड्याची जागा सांगतील. करंगळी कशी सांगतील? पातेल्यातलं पाणी आटत होतं आणि बाहेर घड्याळं चालू होती. मला भीती वाटली, सरळ भीती. मी माझी टाइल्सवर खुणा करायची जाड पेन्सिल काढून खडूभाऊंच्या हातात दिली आणि म्हणालो, "वाफ जायच्या आत कर."

त्याने सातही हात गिरवले.

मग मी माझा देखणा ओटा फोडला. नवा तीस इंचांचा बांधला. फळ्या खाली आल्या, सगळे खण डाव्या बाजूला गेले. खिडकीशेजारी खडूभाऊंनी गुळगुळीत घासलेली एक लाकडी पट्टी बसवली, तळवा टेकेल एवढीच. तिच्यावर काहीही ठेवायचं नव्हतं. ठशांबद्दल घड्याळवाल्यांना कुणी चकार शब्द सांगितला नाही. मुलीने तशी आम्हाला शपथच घातली होती.

आठव्या दिवशी ते आत आले. शेगडी, पातेलं, पाणी, साखर, पत्ती. हात कुठेही थांबला नाही. दोनदा ते अर्धं पाऊल बाजूला सरकले आणि परत आले. उकळी येईपर्यंत डावा तळवा पट्टीवर होता. एक थेंब सांडला नाही. भातही झाला, मोकळा. मुलगी दारात उभी राहून रडत होती आणि नाक ओढल्याचा आवाज येऊ नये म्हणून तोंडावर ओढणी धरत होती. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. बॅग परत कपाटावर.

निघताना खडूभाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "सगळं हाताला लागतं ना?"

"लागतं की. फक्त ओटा फार बुटका झालाय हो. कंबर धरते माझी."

मी लगेच म्हणालो, "चार इंच उंच करून देतो, एका दिवसाचं काम आहे." माझी खोड जात नाही.

"नको नको," घड्याळवाले घाईघाईने म्हणाले, आणि आवाज खाली आणला, आत कुणाला ऐकू जाऊ नये तसा. "मला काय, मी वाकेन. तिचा हात पुरायला नको का?"