देह पुरला तेथे

कसे आहात सगळे? वर्धेच्या सुमनताई, गुडघा आता जिना चढू देतो का? बंडूभाऊ, साखर उतरली, की पंगतीत जिलबीला अजूनही नाही म्हणवत नाही? आणि पुण्याच्या भाचीबाई, तुझा खोकला? ओवा चघळ, मामाचं ऐक. मी इथे आमच्या नंदनवन वस्तीत बरा आहे... चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

परवा उमरेडला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. यमूकडे. एसटीत खिडकी मिळाली, मांडीवर कापडात गुंडाळलेली आमची पोथी.

आमचा पंथ अगदी लहान, बऱ्याच जणांना ठाऊकही नसेल. कन्हानच्या काठी आमच्या महाराजांची समाधी आहे. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. कारण पोथीच्या शेवटच्या अध्यायात महाराजांबद्दल लिहिलं आहे, ‘चालता चालता नदी आली. देह पुरला तेथे.’ त्या एका शब्दाच्या भरवशावर आमच्या पिढ्यान्‌पिढ्या मातीत गेल्या...

यमूचे मालक मात्र गेले ते साथीच्या दिवसांत. दवाखान्यातून परस्पर घाटावर नेलं आणि अग्नी दिला. कोणाला बोल लावत नाही, तेव्हा सगळ्यांचाच नाइलाज होता. पण यमूच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. पोथीनं माती सांगितली आणि यांच्या वाट्याला आग आली. मग ते पोहोचले कुठे?

“वाटेतच अडकले असन गा दादा,” हे तिचं पालुपद. समजूत घालायला जावं तर म्हणते, “पोथी काय तू लिहिली का?”

महाराजांच्या पुण्यतिथीला मी दरवर्षी तिच्याकडे वाचन करतो. बाकी अध्याय ती हात जोडून ऐकते. शेवटचा आला की मात्र उठते, “मी चहा मांडतो,” म्हणते आणि स्वयंपाकघरात जाते. त्या ओळीच्या वेळी ती कधीच समोर नसते. मीही कधी बस म्हणत नाही.

परवाही तसंच झालं. मी इकडे वाचत होतो, ती ओट्यापाशी. ‘देह पुरला तेथे’ म्हटलं... आणि आतून तिचा आवाज आला, “दूध पुरलं गा दादा. मले वाटलं, कमी पडते का काय.”

माझं बोट त्या ओळीवरच राहिलं.

दूध पुरलं. पीठ पुरलं. मागावर लुगडं संपेपर्यंत सूत पुरलं... रोज घरात बोलतो की हा शब्द आपण. आणि पोथीत आला की एकदम कुदळ-फावडं घेऊन वाचतो. महाराज म्हातारे झाले होते, नदी गाठायची होती. देह पुरला तेथे... म्हणजे तिथवर पुरला. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. खड्डा नाही, माती नाही, पुरणाऱ्या कोणाचं नाव नाही.

“काहून थांबला गा?” यमू पदराला हात पुसत दारात आली. तिला बसवलं आणि सगळं सांगितलं.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “हे तू आत्ताच बनवून राहिला. मले बरं वाटावं म्हणून.”

खरं सांगतो, तीच शंका मलाही आली होती. मी काही पंडित नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचन शिलाई मशीनपाशी बसून केलेलं. बहिणीच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी मी पोथीला मुरड तर घालत नाही ना?

“मले नाही माहीत वं,” म्हटलं. “दोन्ही अर्थ बसते. खरा कोणता, ते सांगाले लिहिणारा कुठं आहे?”

आमच्यात मानतात, पोथी शिष्यानं लिहिली पण शब्द महाराजांनी आतून दिले. शिष्य म्हणजे नुसता बोरू. तसं असेल तर देणाऱ्याला कळत नव्हतं का, की या शब्दाला दोन दारं आहेत? का मुद्दामच दोन्ही उघडी ठेवली... एक मातीत गेलेल्यांसाठी, एक आगीत गेलेल्यांसाठी? की बिचाऱ्या शिष्याचे डोळे भरले होते आणि त्याला जास्त लिहवलंच नाही? मला नाही सांगता येत.

आत चहा उतू गेला, जळका वास सुटला, तरी यमू उठली नाही. मग पोथी स्वतःकडे ओढली आणि ओळीखाली बोट फिरवत हळूहळू वाचली.

“म्हणजे त्याईचाही... दवाखान्यापर्यंत पुरला.”

“हो वं बाई.”

“मले नाही पुरला, दादा.”

पुढे मला वाचवेना. उरलेलं पान तिनंच वाचलं, अडखळत, मध्ये मध्ये थांबत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत बसली होती. मग आम्ही दोघांनी बिनचहाचीच आरती केली.

शब्दाचा निकाल काही लागला नाही. पण काल फोनवर ती ‘ते कुठं अडकले’ असं एकदाही म्हणाली नाही. नुसती रडली. आता तिचं माणूस अडकलेलं नाही, गेलेलं आहे... हे रडणं तिला इतकी वर्षं मिळालंच नव्हतं. ज्यानं कोणी तो शब्द तसा ठेवला, त्याला माझा नमस्कार.

तुमच्या घरच्या पोथीतही असा एखादा शब्द असेल, तर त्याचा अर्थ तुमची जुनी माणसं काय लावत, ते लवकर लिहा. आणि यमूसाठीही दोन ओळी लिहा. ती कमेंटना उत्तर देत नाही, पण संध्याकाळी शेजारच्या सुनेकडून सगळ्या वाचून घेते... वाट पाहते.