अर्धा घासलेला बुधला

माझ्या आजोळी दारूचा धंदा होता. हे सांगताना आमच्यातले काही जण आवाज खाली आणतात. मला त्याचं कारण कळत नाही. नळदुर्गात हैदराबादच्या सडकेला लागून आजोबांचं परवान्याचं दुकान होतं, आणि निजामाच्या आबकारी खात्यात त्यांच्याविरुद्ध कधी एक तक्रार गेली नव्हती.

आजोबांनी एकदा गाडाभर चिनीमातीचे बुधले मुंबईहून मागवले होते. वरून तपकिरी, पोटाला सायीच्या रंगाचे, तोंड अरुंद, मानेशी दोन बोटं जातील एवढा कान. पोटावर काळ्या रंगात दुकानाची खूण भाजून घेतली होती, शिंदीचं एक झाड. झाड असलेला बुधला कुणाच्या घरात सापडला तर आबकारीचा जमादार त्याला चोरट्या दारूच्या संशयावरून चावडीत बसवून ठेवी. म्हणून आजोबांचा दंडक होता. जुना बुधला कुणाला तेलाला, लोणच्याला द्यायचा तर आधी झाड घासून काढायचं. कुरुंदाचा दगड घ्यायचा, वर पाणी सोडत राहायचं आणि हात गोल गोल फिरवायचा. चकाकी उडून तिथं पुरीएवढा खरखरीत डाग राही. मग सोवळं पाळणाऱ्या बायकासुद्धा तो बुधला खुशाल घरात घेत. झाड गेलं की दारूही गेली, असा त्यांचा हिशोब असावा.

घासायचं काम घरातल्या पोरांकडं असे. आई ते लहानपणी शिकली आणि तिनंच ते धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला शिकवलं. आजोबांनंतर दुकान मामाच चालवत होता. मामी कल्याणीकडची, बोलणं निम्मं कानडी. तिनं दुकानातल्या वस्तूला कधी हात लावला नव्हता, मामानं लावू दिला नव्हता. त्यांना दोन लहान मुलं होती.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या पावसाळ्यात मामाची पत्रं बंद झाली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आम्ही धाराशिवला राहत होतो, वडील एका कापडाच्या दुकानात कामाला होते. रस्त्यांवर टोळ्या फिरत होत्या. गावं लुटली जात होती, आणि संध्याकाळी दिवा लावायचा की नाही यावर घराघरात वाद होत. मग हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि काही दिवसांत ते राज्य संपलं. लोकांनी पेढे वाटले. आमच्याकडं मात्र त्याच सुमाराला नळदुर्गाहून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं की दुकान फुटलंय आणि माणसं नाहीत. कुणी फोडलं, असं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. मला आजही नक्की माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

वडिलांना हिवतापानं अंथरुणाला खिळवलं होतं. आई म्हणाली, मी जाते. मला घरी ठेवायला तिचं मन घेईना, म्हणून मीही निघाले. छकडा एका म्हाताऱ्या, ओळखीच्या गाडीवानाचा होता. त्याला आम्ही काका म्हणायचो.

दुकानाला दार राहिलं नव्हतं. आत राख होती, फुटक्या खापऱ्या होत्या आणि एक कुत्रं बसलेलं होतं. शेजारणीनं आम्हाला ओसरीवर घेतलं, पाणी दिलं, आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही असं न विचारताच तीनदा सांगितलं. तिच्या चुलीमागं एक बुधला होता. पोटावर शिंदीचं झाड, लख्ख. आईनं पाणी संपवलं, भांडं पालथं घातलं आणि उठली.

छकड्यात बसल्यावर ती मला हळू आवाजात म्हणाली, "हितून फुडं कुणाला काय विचारायचं न्हाय. पाणी मागायचं, लोणचं मागायचं. झाड दिसलं तर तो लुटीतला. घासलेला असला तर आपल्या माणसानं हातानं दिलेला."

"आन् कुठंच घासलेला न्हाय दिसला तर?"

तिनं काकांना छकडा पुढच्या आळीला वळवायला सांगितलं.

त्या दिवशी नळदुर्गात आम्ही घरोघर लोणचं मागितलं आणि घरोघर झाड बघितलं. एका घरात बुधल्यात रॉकेल होतं, एका घरात चुना. ज्याच्या घरात झाड होतं त्याला आमची भीती वाटत होती, आणि आम्हाला त्याची. एका माणसानं आम्हाला वेशीपर्यंत सोबत केली. सोबत कसली, हाकलतच आणलं. तो आईला म्हणाला, "ताई, पोरीला घेऊन फिरायचे दिवस न्हाईत हे. जावा घरी." बोलणं गोड होतं, पण तो छकड्याचं चाक धरून उभा होता आणि आई "व्हय" म्हणेपर्यंत त्यानं ते सोडलं नाही.

आई घरी निघाली नाही. तिनं विचार असा केला. मामा जगला असेल तर सोलापूरकडं गेला असेल, कारण सरहद्द तिकडं आणि निर्वासितांच्या छावण्याही तिकडंच. मोठ्या सडकेला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता, शिपाई होते. तेव्हा तो सडक सोडून आडवाटेनं तामलवाडीच्या अंगानं गेला असणार. आम्ही त्याच वाटेला लागलो.

खरिपाची ज्वारी माणसाच्या वर गेली होती. गाडीवाट तिच्या मधून जायची आणि दोन्ही बाजूंना पान हललं तरी मी आईला चिकटायचे. वारा असला की पानं सगळीकडं हलतात, माणूस असला की एकाच ठिकाणी, असं काकांनी मला सांगितलं. धीर द्यायला सांगितलं असावं. मी मग वारा पडण्याचीच धास्ती घेऊन बसले.

पहिल्या दोन वस्त्यांवर काहीच सापडलं नाही. लोणचं तेवढं मिळालं. काका म्हणाले, "बाई, लोणच्यावरच दिवस काढायचा हुता तर म्या भाकरी कशाला बांधून आणल्या?" आई हसली नाही.

तिसऱ्या वस्तीवर एका म्हातारीनं आंब्याचं लोणचं बुधल्यातूनच काढून दिलं. पोटावर गोल खरखरीत डाग होता, काठ सुरेख जुळलेला. आईनं त्यावर बोट फिरवलं आणि मग म्हातारीशी तिथंच जमिनीवर फतकल मारून बसली. म्हातारी सांगू लागली. पावसात चौघं आले, नवरा-बायको आणि दोन लेकरं. डोक्यावर पोत्यात बांधलेले बुधले. रात्रीपुरतं छप्पर दिलं तर सकाळी जाताना त्यानं हा दिला. निजामाचं हाली नाणं आता कुणी घेत नव्हतं, आणि पैसा दाखवणं धोक्याचंही होतं. रिकाम्या बुधल्यासाठी कुणी कुणाचा जीव घेणार नाही, असं तो म्हणाला होता. "तासभर घाशीत बसला हुता बग. म्या म्हनलं, राहू दे की रं बाबा. तर म्हने, न्हाय, तुमास्नी तरास व्हईल."

आईनं त्या म्हातारीचे पाय धरले. पुढच्या गावात आणखी एक गोल डाग सापडला. त्या दिवशी आई माझ्याशी पहिल्यांदाच मोकळं बोलली. मामा लहानपणी घासताना जीभ बाहेर काढायचा, आजोबा त्याला त्यावरून चिडवायचे, असलं काहीबाही.

तामलवाडीच्या अलीकडं, वाटेला लागूनच एक शेतकऱ्याचं घर होतं. तिथं मागायची वेळच आली नाही. बुधला दाराबाहेर ओट्यावर ठेवलेला होता, आत काही नाही, वर झाकण नाही. पोटावर उभे-आडवे ओरखडे होते. झाडाचा शेंडा गेला होता, बुंधा तसाच होता.

आई उतरली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "ही माझ्या भावाची घासणी न्हाय."

घरधन्यानं सांगितलं की एक बाई दोन लेकरं घेऊन आली होती. बरोबर गडीमाणूस नव्हता. तिनं सोलापूरची वाट विचारली, बुधला दिला. दिला तो असाच दिला. आत नेऊ नका, दाराशीच ठेवा, एवढं मात्र सांगून गेली. का, ते त्याला कळलं नव्हतं; तिचं अर्धं बोलणं कानडी होतं.

आईनं त्याच्या बोलण्यातलं एवढंच ऐकलं की गडीमाणूस नव्हता. मामीनं घासलं, मामा नाही, म्हणजे मामा घासायला उरला नाही. हात चालेना म्हणून अर्ध्यावर सोडलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि छकड्यात बसली. मागच्या गावापासून इथवरच्या वाटेत कुठंतरी ते घडलं होतं, आणि ती वाट आम्ही आताच हसत-बोलत आलो होतो. मी मागं वळून ज्वारीकडं बघू शकले नाही. काकांनी विचारलं, माघारी जाऊन शोधायचं का. आई म्हणाली, "जित्यांच्या मागं जाऊ आधी."

सोलापुरात छावण्या पालथ्या घालाव्या लागल्या. एका धर्मशाळेच्या मागं मामी तांदूळ निवडत बसलेली सापडली. मुलं शेजारीच होती, हडकलेली, पण धड. मामीनं वर बघितलं आणि आई जागच्या जागी थांबली, कारण मामीच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, नुकतंच लावलेलं.

"अक्का," मामी म्हणाली, "तुम्ही त्या वाटेनं आलात? ते दिसले?"

मामीनं सांगितलं ते असं. एका ओढ्याशी मामानं तिला आणि मुलांना ज्वारीत बसवलं. पुढं टोळी आहे का बघून येतो, म्हणाला. पाण्यासाठी एक बुधला बरोबर नेला. त्याचा कान तुटलेला होता, तांब्याच्या तारेनं बांधलेला. उजाडलं तरी तो आला नाही. आवाज ऐकला का, असं आईनं विचारलं. मामी म्हणाली, पावसाचा ऐकला. मग मुलं भुकेनं रडायला लागली, रडणं ऐकून कुणी येईल म्हणून ती उठून चालू लागली.

"आन् तो अर्धा का घासलास?"

"पुरा घासला असता तर त्यांना वाटलं असतं आपणच कधी कुणाला दिलाय. झाड ठेवलं असतं तर वाटलं असतं आम्हाला लुटलं." मामीनं तांदळातला खडा काढून टाकला. "अर्धा बघितला की कळंल, मी जित्ती हितून फुडं गेले. म्हणून दाराशी ठेवा म्हटलं. ते मागून येतीलच की."

वाटेत आईनं भावासाठी रडून घेतलं होतं, ते ती मामीला कधीच सांगणार नव्हती. तिनं ताट पुढं ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली.

मामा आला नाही. मामी मुलांना घेऊन सोलापुरातच राहिली, विड्या वळल्या, मुलं शिकवली, आणि मरेपर्यंत कुंकू लावलं. तो अर्धा घासलेला बुधलाही तिनं तामलवाडीजवळच्या त्या ओट्यावरच राहू दिला. दर वर्षी तुळजापूरला जाताना ती तिथं उतरायची, त्याच्यावरची धूळ पुसायची. आईनंही शोध सोडला नाही, पण तिचा शोध उलटा झाला होता. त्या पट्ट्यात कुणाच्या घरी पाणी प्यायला बसली की तिची नजर आधी चुलीमागं जायची. मामानं नेलेल्या बुधल्याची तांब्याची तार ती शोधत होती. आणि ती सापडू नये म्हणून देवाला हात जोडत होती. तार सापडली असती तर मामीचं कुंकू पुसावं लागलं असतं.

आता आईही नाही, मामीही नाही. मामीच्या तेराव्यानंतर मी एसटीनं तामलवाडीला जाऊन बुधला घेऊन आले. जुना घरधनी गेला होता. त्याच्या सुनेनं तो धुऊन दिला आणि म्हणाली, डाग वाईट दिसतोय, घासून देऊ का सगळा. मी नको म्हटलं.

तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यात मीठ आहे. लग्नकार्याला मी कधी नळदुर्गाकडं गेले तर जेवणाच्या पंगतीत बसते, पण कुणी आत स्वयंपाकघरात बोलावलं तर जात नाही. बाहेरच बसते, चुलीकडं पाठ करून.