किशोरीचा दात

किशोरीचा दात बरा झाला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणायचं, डॉक्टरनेच काहीतरी केलं. डॉक्टर लाख माणूस होता. वाट लावली ती माझ्या जिभेने.

मी मथुरा. आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी. तिथल्या अंगणवाडीची मी सेविका आणि किशोरी मदतनीस. म्हणजे मी पोरांना गाणी शिकवायची आणि तिने खिचडी शिजवायची. खरं सांगू? पोरं माझ्या गाण्यांसाठी येतच नव्हती, तिच्या खिचडीसाठी यायची. तिचा नवरा शिवा परक्याच्या ट्रॉलरवर कामाला होता, दोन हजार सहा साली काविळीने गेला. पदरी मूल नाही. बावीस पोरांना भरवून झालं की पातेलं खरवडत म्हणायची, "बाई, माझां घर भरलेलां आसा."

शिवा होता तेव्हाच कधीतरी किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढताना दोर तुटला आणि ही तोंडावर आपटली. वरचा पुढचा दात काळा पडला. पुढे हिरडीवर पुळी, दाबली की पू. एका डॉक्टरने मुळातली नस साफ करून दिली, तरी पू यायचा थांबेना. सगळे म्हणाले, उपटून टाक. ही ऐकेना. "पोरांक भरवताना हसूक नको?" म्हणायची.

दोन हजार आठच्या जूनमध्ये मी तिला मालवणात नव्यानेच आलेल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एक्स-रे दाखवला. मुळाच्या टोकाशी हाड पोखरून खड्डा झालेला. म्हणाला, "हिरडी उघडून घाण साफ करू आणि खड्ड्यात तुमच्याच रक्तातला गर भरू. त्याने हाड भरून यायला मदत होते. हमी मात्र देत नाही."

"माझां रगात माझ्याच दाताक?" किशोरी म्हणाली. "बरां, उसनां कोणाचां नको मगे!"

हाताच्या शिरेतून रक्त काढलं, नळीत घातलं आणि नळी घरघरणाऱ्या मशीनमध्ये ठेवली. दहा-बारा मिनिटांनी काढली तर खाली लाल, वर पिवळं पाणी आणि मधे म्हाकुल मासळीच्या तुकड्यासारखा मऊ, पांढुरका गोळा. रक्तातलं जखम सांधणारं जे असतं ते त्यात गोळा होतं, असं डॉक्टरने समजावलं. मी आ वासून बघत होते.

आता एवढं बघितल्यावर मी गप्प बसेन? त्या आठवड्यात पोरांची वजनं घ्यायला सगळ्या आया जमल्या होत्या. मी साग्रसंगीत वर्णन केलं, अगदी हात वर करून सुई कुठे टोचली ते दाखवलं. शिरा पडो माझ्या तोंडावर! संध्याकाळपर्यंत वाडीत दाताचं नाव कोणी घेत नव्हतं, सगळे रक्ताचंच बोलत होते. "दाताच्या डॉक्टरान हातातलां रगात कित्याक काढल्यान? तपासूकच काढल्यान आसतला." मग दोन वर्षांपूर्वी गेलेला शिवा सगळ्यांना आठवला. बंदराबंदरांत फिरायचा, खरंच काविळीने गेला का, वगैरे. त्या रोगाचं नाव कोणी घ्यायचं नाही, नुसत्या भुवया उडवायच्या.

पहिल्यांदा रियाच्या आईने पोरीला घरून डबा दिला. म्हणे पोट बिघडलंय. आठवड्याभरात सतरा जणांची पोटं बिघडली! मी दारोदार भांडले. नळी, मशीन, गोळा, सगळं परत परत सांगितलं. त्या "होय बाई, होय बाई" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी डबा असायचाच. किशोरी भरलेल्या पातेल्याजवळ बसून असायची.

मग माझं आणखी एक शहाणपण. म्हटलं, सरकारी दवाखान्यात तपासणी करून घेऊ, कागदच तोंडावर मारू. केली. काही म्हणजे काही निघालं नाही. मी तो कागद वाडीभर नाचवला. त्यावर बाबलीची बायको काय म्हणाली असेल? "काय नाय तर तपासूक गेली कित्याक?"

शेवटी सुपरवायझर बाई आल्या. त्यांनी सगळ्या आयांना बोलावून बसवलं, समजावलं. बायका हळूहळू ऐकू लागल्या होत्या, देवाशपथ. दोघींनी तर पोरांच्या हातात ताटल्याही दिल्या. किशोरीने खिचडी वाढली आणि पहिलं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. हळूच म्हणाली, "बाई, तुमी एक घास खावा. मगे सगळी खातली."

श्रावणातला सोमवार होता तो. चौदा वर्षं मी एक सोमवार मोडला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगो, माझो उपास आज."

रियाची आई पदर खोचून उठली. त्या दोघींनी पोरांच्या हातातल्या ताटल्या काढून घेतल्या. अजूनही वेळ होता. देवाला हात जोडून मी तो घास तोंडात घालायला हवा होता. मी ताटाकडे बघत बसून राहिले.

"होय, बाईंचो सोमवार आसा," किशोरीच सगळ्यांना म्हणाली आणि ताट उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणवाडीची चावी आणून दिली. आता कुडाळच्या बाजूला काजूच्या कारखान्यात बिया फोडते. डिसेंबरात डॉक्टरला दाखवायला आली होती. हाड छान भरलंय, दात पक्का बसलाय, असं तोच मला कौतुकाने सांगत होता.

उपास खरा होता, हे मी भेटेल त्याला सांगते. पण एकटी असले की मनात येतं, त्या दिवशी मंगळवार असता तर मी तो घास खाल्ला असता का? मशीन मी डोळ्यांनी बघितलेलं, कागद मी हातात धरलेला. 'हो' असं पटकन तोंडात यायला हवं. येत नाही.