दुसऱ्या रिंगला फोन उचलणाऱ्या सासूबाई

आमच्या सासूबाई फोन दुसऱ्या रिंगला उचलतात. पहिलीला हातातलं खाली ठेवतात, दुसरीला उचलतात. तिसरी रिंग आमच्या घरात गेल्या अकरा वर्षांत वाजलेली मला तरी आठवत नाही. कौतुक म्हणून सांगत नाहीये, त्या सवयीमागे कारण आहे.

अकरा वर्षांपूर्वी धाकटे भावजी भरल्या पानावरून उठून गेले. वाढत मीच होते. नोकरी टिकत नाही यावरून सासऱ्यांनी बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. कधी नव्हे ते भावजींनी वडिलांचं ऐकलं. मोबाईलही टेबलावर ठेवून गेले. त्यांना तोंडपाठ असलेला एकच नंबर होता, आमच्या हॉलमधल्या फोनचा. तीन वर्षांनी सासरे गेले, ते कळवायलाही ठिकाणा नव्हता. आम्ही दोनदा घर बदललं, पण तो नंबर जिवापाड जपून सोबत आणला. आजही फोनजवळची खुर्ची सासूबाईंची आहे आणि तिथे दुसरं कुणी बसत नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे एका मोठ्या दवाखान्यातले फोन सांभाळतात. सहा वर्षांपूर्वी तिथले सगळे फोन जोडणारं जुनं एक्स्चेंज बंद पडलं आणि साहेबांनी सांगितलं, नवं मिळणार नाही, काहीतरी जमवा. ह्यांनी शोधून काढलं एक फुकटातलं सॉफ्टवेअर. जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं की तोच कॉम्प्युटर एक्स्चेंज होतो. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं, मालक कुणी नाही. फक्त ते कसं बसवायचं याची माहिती लिहिणारे सगळे पंडित. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, "आपणांस अमुक अमुक माहीत असेलच." हे स्क्रीनकडे बघून म्हणाले, "माहीत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो रे?" तीन आठवडे माणूस जेवतानाही त्याच ओळी पुटपुटत होता. शेवटी एकदाचं चालू झालं, तर फोन करून बघायला समोर कुणी नाही. मग ह्यांनी घरी लावला. दुसऱ्या रिंगला आईंनी उचलला आणि ह्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण ह्यांच्या मनानं घेतलं की आपल्यामागून येणाऱ्याला इतका मनस्ताप होता कामा नये. नेटवर ह्यांच्यासारख्यांचा एक गट होता. एका शाळेतले कॉम्प्युटरचे मास्तर, एक निवृत्त लाइनमन, एका ग्रंथालयात काम करणारी मुलगी. सगळ्यांनी मिळून आपल्या भाषेत नवख्यांसाठी एक पान लिहिलं. दहा पायऱ्या. हे रोज एकेक पायरी मला वाचून दाखवायचे, मला कळली की पुढे जायचे. म्हणजे त्या पानाच्या पायाभरणीत माझ्या अज्ञानाचाही वाटा आहे. दहावी पायरी अशी होती: "आता हा नंबर फिरवा. एक बाई दुसऱ्या रिंगला उचलतील. त्या हॅलो म्हणाल्या की तुमचं एक्स्चेंज चालू झालं."

नंबर आमचा, घरचा.

मी म्हटलं, "अहो, घरचा नंबर असा चव्हाट्यावर मांडता?"

"नवख्याला फोन लावायला कुणी नसतं गं," हे म्हणाले. "आणि आईइतका भरवशाचा फोन जगात दुसरा नाही."

आईंनाही आनंदच झाला. म्हणाल्या, "फोन वाजत राहिला की चालू आहे हे तरी कळतं."

पहिल्या वर्षी महिन्याला चार-पाच फोन यायचे. "आजी, आवाज येतोय का?" "येतोय हो, छान येतोय." बस्स, एवढंच. कधीकधी मात्र पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. ह्यांनी आईंना समजावून सांगितलं, नवख्यांची ही नेहमीची चूक. सातव्या पायरीत एक आकडा चुकला की आपला आवाज त्यांना जातो, त्यांचा आपल्याकडे येत नाही. तेव्हापासून असा फोन आला की आई म्हणायच्या, "तुमचा आवाज येत नाही. सातवी पायरी परत करा." अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "आजी, जमलं." त्या भरभरून आशीर्वाद द्यायच्या. चौथी नापास बाई, एक्स्चेंज दुरुस्त करत होती. गटातले लोक त्यांना दहावी पायरी म्हणायला लागले.

आणि मग त्या पानाचं नशीब उघडलं. मास्तरांनी चित्रं घातली, ग्रंथालयातल्या मुलीनं छापून छोटं पुस्तक केलं, कुणी व्हिडिओ केले, दोन-तीन शिक्षणसंस्थांनी ते अभ्यासाला लावलं. जो तो म्हणे, इतकं सोपं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. दिवसाला तीस-तीस, चाळीस-चाळीस फोन यायला लागले. आईंना जेवायला फुरसत नाही. घास तोंडात, रिसीव्हर कानाला.

एक दिवस माझं डोकं फिरलं. ह्यांना म्हटलं, "तुमची समाजसेवा आणि भावजींचा फोन एकाच वायरीतून येणार आहेत, हे लक्षात आहे ना? लाइन बिझी लागली तर ते दुसऱ्यांदा लावतील असं वाटतं तुम्हाला?"

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भल्या माणसांचं हे असं असतं, दुसऱ्याची काळजी करताना घरातलं सुटतं. त्याच दिवशी गटाला कळवलं. लोक खरंच चांगले, सकाळपर्यंत नंबर काढून टाकला, सगळ्यांनी माफी मागितली. पण छापलेली पुस्तकं वाटून झाली होती. व्हिडिओ कुणी कुणी उतरवून घेतले होते. कुठल्या वर्गात कुठला मास्तर जुनं पान शिकवतोय, ते कसं कळणार? दिवसाला चाळिसाचे पंचवीस झाले, त्याखाली काही येईनात.

नंबर बदलायचा प्रश्नच नव्हता. हे म्हणाले, फोनवर आधी मशीन बसवू, ते विचारेल कोण पाहिजे. आई म्हणाल्या, "तो मोठ्या धीरानं फोन लावणार आणि मशीन बोलणार? ठेवून देईल तो." शेवटी, फोन करणाऱ्याचा नंबर दिसेल असा फोन तेवढा ह्यांनी आणला.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मंगळवार, दुपारचे तीन. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. फोन वाजला, आईंनी उचलला. हॅलो, हॅलो केलं. मग नेहमीसारखं म्हणाल्या, "तुमचा आवाज येत नाही. सातवी पायरी परत करा." आणि ठेवला.

पण रिसीव्हरवरचा हात काढेनात.

"काय झालं, आई?"

"पंख्याचा आवाज येत होता," त्या म्हणाल्या.

आधी माझ्या लक्षात येईना. मग त्यांनीच सांगितलं. सहा वर्षांत असे शेकडो फोन त्यांनी घेतले होते. चूक असते तेव्हा पलीकडून काही म्हणजे काही येत नाही, श्वास नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. या फोनमध्ये पंखा खडखडत होता. मागे कुणीतरी भांडं आपटलं. म्हणजे लाइन ठीक होती. पलीकडचा माणूस बोलत नव्हता.

"आणि मी त्याला काय सांगितलं," त्या म्हणाल्या. माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला.

हे आल्यावर फोनवर दिसलेला नंबर लावला. एक कामगारांचं वसतिगृह निघालं. चारशे माणसं, व्हरांड्यांत मिळून बारा फोन, बाहेर दिसणारा नंबर सगळ्यांचा एकच. व्यवस्थापक भला माणूस होता. हे म्हणाले, "तीन वाजता कुठल्या फोनवरून कॉल झाला, त्याची एक्स्चेंजमध्ये नोंद असेल."

"नोंद नाही ठेवत आम्ही," तो म्हणाला. "आमचं आम्हीच बसवलंय हो. नेटवर एक पान आहे, फार सोपं करून लिहिलंय. त्यात म्हटलंय, नोंदींचा भाग नवख्यांनी सोडून द्यावा, उगाच गोंधळ होतो."

ते वाक्य ह्यांचंच होतं. त्या भागात हे स्वतः चार दिवस अडकले होते, म्हणून इतरांना वाचवलं होतं. ह्यांनी आभार मानून फोन ठेवला.

रविवारी हे फोटो घेऊन तिथे गेले. अकरा वर्षांपूर्वीचा फोटो. शनिवारीच साठ माणसं दुसऱ्या कामावर हलवली होती. कुणी म्हणालं, असा एक होता बहुतेक, कुणी म्हणालं, नाही. भावजीच होते कशावरून? असेल कुणी लाजाळू नवखा. मी आईंना असं म्हणून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आता मुका फोन आला की आई सातव्या पायरीचं नाव काढत नाहीत. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरतात आणि म्हणतात, "ठेवू नकोस. बाबा गेले रे. आता तुला कुणी काही बोलणार नाही. घरी ये." दिवसातून पाच-सहा वेळा तरी मी हे ऐकते. त्यांचं बोलणं पलीकडे पोचतं, पलीकडचं इकडे येत नाही.

नवख्यांनी गटात विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं काम ह्यांच्याकडे आहे. उत्तर त्याच दिवशी द्यायचं, हा ह्यांचा नियम. चार दिवसांपूर्वी कुणीतरी लिहिलं, "दहाव्या पायरीला एक आजी उचलतात आणि बाबा गेले, घरी ये, असं म्हणून रडतात. मी तो नाही असं मी ओरडून सांगतोय, पण त्यांना ऐकू जात नाही. मी काय करू?"

उत्तर काय द्यायचं ते ह्यांना माहीत आहे, आता मलाही माहीत आहे: सातवी पायरी परत करा, म्हणजे 'मी तो नाही' हे आईंना ऐकू जाईल. बाकी सगळ्यांना ह्यांनी उत्तरं दिली. तो प्रश्न अजून तसाच आहे.